आजाऱ्यांसाठी प्रार्थना

जयदीप वारला आहे हे सूर्यकांतला कळलं तेव्हा तो जयदीपसाठीच आयुष्य मागत होता, आणि मागणं चांगलं रंगात आलं होतं. डिसेंबरातली रविवारची दुपार होती. दिल्लीतल्या या मराठी ख्रिस्ती मंडळींना स्वतःचं चर्च नाही. सकाळची हिंदी उपासना आटोपून ती माणसं घरी जेवायला गेली, की त्यांच्याच बाकांवर ही तीस-पस्तीस माणसं शाली गुंडाळून बसतात. पाळकही स्वतःचा नाही. गीतं कुमुदिनीताई भालेराव सांगतात, शास्त्रवाचन ज्याने चष्मा आणला असेल तो करतो, पण आजाऱ्यांसाठी प्रार्थना मात्र सूर्यकांत शिरसाटनेच करायची, असा कुणीही न केलेला ठराव आहे. त्याचा आवाज तसा आहे. अवर सचिव म्हणून तो ऑफिसात दिवसभर जे बोलतो त्यात काही राम नसतो, पण डोळे मिटून 'हे दयाघन पित्या' म्हणाला की बायका डोक्यावरचा पदर सारखा करतात. त्या दिवशीही तो म्हणत होता, "आमचा बंधू जयदीप मानेसरात आजाराच्या बिछान्यावर पडून आहे. प्रभू, तू त्याच्या उशाशी जा. तुझा हात त्याच्या कपाळावर ठेव." मागून कुणीतरी काही बोललं. प्रार्थनेत मधेमधे 'होय प्रभू', 'आमेन' असं कुणी ना कुणी म्हणतंच. त्यातलंच ते असेल असं धरून तो पुढे गेला. "त्याला उठवून उभं कर. त्याच्या घरात पुन्हा..." मग ते पुन्हा आलं, या वेळी स्पष्ट. बाईचा आवाज, अगदी साधा, बसमध्ये कंडक्टरला थांबा सांगावा तसा. "दादा, ते गेले. मंगळवारीच गेले."

सूर्यकांतने डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेलेच होते. पुढच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ सवयीने 'होय प्रभू' म्हणाले. शेवटच्या बाकावर तपकिरी शाल पांघरलेली एक बाई त्याच्याकडे बघत होती, आणि एवढ्या मोठ्या जागेत डोळे उघडे असलेली ती दोघंच होती. ती हेमलता, जयदीपची बायको. उपासनेच्या सुरुवातीला एकमेकांचा हात हातात घेऊन 'प्रभूची शांती' म्हणायचं असतं. तेव्हा कुमुदिनीताईंनी तिचा हात धरून 'नवीन आलात वाटतं दिल्लीत? येत जा हं' असं म्हटलेलं सूर्यकांतने ऐकलं होतं, आणि त्यानेही तिला ओळखलं नव्हतं. आता इथे कुणीही थांबला असता. सूर्यकांत थांबला नाही. त्याने डोळे पुन्हा मिटले आणि सराईत ड्रायव्हर खड्डा चुकवतो तसं ते वाक्य वळवलं. "...आणि प्रभू, आमच्या मागण्याहून तुझी योजना मोठी आहे. तू त्याला या घरात नव्हे, तुझ्या सार्वकालिक घरात उभं केलंस." आवाज कुठेही अडखळला नाही. उलट जरासा भरून आला, आपोआप, अशा जागी तो येतो तसा. लोक आमेन म्हणाले. मग त्याने हेमलतेला धीर मागितला, दोन पडलेल्या मोतीबिंदूंसाठी आणि एका मोडलेल्या पायासाठी प्रार्थना केली आणि तो जागेवर जाऊन बसला.

उपासना सुटल्यावर मागच्या व्हरांड्यात चहा असतो. तिथे कुमुदिनीताईंनी त्याला गाठलं. त्या या मंडळीच्या सेक्रेटरी, आणि काळजीचं काम त्या फार हौसेने करतात. "सूर्यकांतराव, माझ्या तर पोटात गोळाच आला हो. पण काय सावरलंत! दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

"मला माहीतच नव्हतं."

"अहो, कुणालाच नव्हतं. कळवायला नको का त्यांनी? तुम्ही बिल्कुल मनाला लावून घेऊ नका. कोण आहे, कोण गेलंय, ते त्याला ठाऊक असतं. आपली प्रार्थना तो बरोबर पोचवतो जिथे पोचवायची तिथे."

शेजारी एकजण समोशाचं टोक मोडत म्हणाला की एकदा जायला हवं होतं यार आपण सगळ्यांनी, पण मानेसर म्हणजे दिवसच जातो. दुसऱ्याने विचारलं की गाडी नेली तर टोल लागतो का. मग टोलवर थोडं बोलणं झालं. "चलो, आता हेमलताबाईंना प्रार्थनेत धरू या," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकदम काम झाल्याचा सुटकारा दिसला. सूर्यकांतला तो सुटकारा ओळखीचा वाटला. तो चहाचा कप हातात घेऊन तसाच फाटकाकडे गेला. हेमलता बाहेर पडतच होती.

"हेमलता."

ती थांबली. जवळून पाहिल्यावर ती पुष्कळ वाळलेली दिसली. "निघते दादा. घरी सासूबाई एकट्या आहेत. शेजारणीला बसवून आलेय, पण तिला ड्यूटीवर जायचंय."

"मला कळलंच नाही गं."

"मंगळवारी मी फोन केला होता तुम्हाला."

"हो का? मी मीटिंगमध्ये..."

"हो, आला ना तुमचा मेसेज. मीटिंगमध्ये आहे, प्रार्थना करतो, असा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

"मग आज इथे कशी काय?"

"मराठी ऐकावंसं वाटलं. तिकडे पुरताना सगळं हिंदीत झालं. एक ओडिया पाळक मिळाले, चांगले होते बिचारे. खांदा कंपनीतल्या पोरांनी दिला. त्यांना आमेन कधी म्हणायचं ते कळेना, तर शेवटी माती देऊन सगळे 'राम राम भाईसाहब' म्हणाले." तिला किंचित हसू आलं. "मला ते आवडलं. चला, ऑटो मिळायला हवा." मी सोडायला येतो, हे वाक्य त्याच्या मनात तयार होईपर्यंत तिने रस्ता ओलांडला होता, आणि त्याच्या हातात कप होता.

मंगळवारी मीटिंग नव्हती. मंगळवारी दुपारी सूर्यकांत ऑफिससमोरच्या हिरवळीवर उन्हात पाय पसरून संत्रं सोलत होता. थंडीत दुपारच्या वेळी दिल्लीचं अर्धं सरकार हिरवळीवरच असतं. कुणी शेंगा फोडतं, कुणी पत्ते कुटतं, कुणी तोंडावर पेपर टाकून झोपतं. ऊन पाठीत शिरत होतं आणि बऱ्याच दिवसांनी त्याला काहीच दुखत नव्हतं, आतही नाही. तेवढ्यात फोनवर हेमलतेचं नाव आलं. बोटं चिकट आहेत, हे कारण त्याने स्वतःला दिलं. खरं कारण त्याला त्या वेळीही माहीत होतं. पुन्हा तेच असणार, 'दादा, हे विचारताहेत, कधी येताय?' तो फोन गवतावर वाजत राहिला, शेजारच्या माणसाने 'उठा लो भई' म्हटलं, तरी त्याने तो वाजू दिला. मग संत्रं संपवलं, बिया पिशवीत टाकल्या, रुमालाने हात पुसले आणि मेसेज पाठवला. आता, रविवारी संध्याकाळी, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दिवा न लावता, अंगातला कोटही न काढता खुर्चीत बसलेला सूर्यकांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघत होता. त्या वेळी हेमलता कुठे उभी असेल? दवाखान्याच्या जिन्यात? घरात, जयदीपच्या उशाशी? एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने तिने काय धरलं असेल?

आजारी माणसाच्या समाचाराला जाणं ही काही फार मोठी धार्मिक गोष्ट नव्हे. त्याची आई देवळात, म्हणजे चर्चमध्येच, बसून गीतं गायची तेव्हा सूर चुकायचा, पण नगरच्या त्यांच्या वस्तीत कुणी अंथरूण धरलं की ती तांब्यात पेज घेऊन आधी तिथे जायची आणि प्रार्थना वगैरे मग, वेळ उरला तर. सूर्यकांत शिकला, बोर्डिंगातून कॉलेजात, कॉलेजातून दिल्लीत आला, आणि हा क्रम कधी उलटा झाला त्याला कळलं नाही. पहिल्या रविवारी त्याने जयदीपसाठी प्रार्थना केली ती जाण्याच्या इराद्याने. पुढच्या शनिवारी जायचंच, असं त्याने चक्क ठरवलं होतं. पण प्रार्थना करून घरी आल्यावर त्याला फार शांत वाटलं, जाऊन आल्यासारखं वाटलं. ऑफिसात एखादं नकोसं प्रकरण शेरा मारून वर पाठवलं की टेबल मोकळं होतं, तसं. वर पाठवलं, आता वरचे बघतील. पुढचा शनिवार आयएनएच्या बाजारातून सुरमई आणून ती नीट मॅरिनेट करून तळण्यात गेला. त्याच्या पुढचा पावसात गेला. आणि दर रविवारी प्रार्थना जास्त जास्त चांगली होत गेली, हे त्यातलं सगळ्यात वाईट. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, पण वाढणारा इतका प्रेमाने वाढत होता की जेवणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

आणि माणूस कोण होता? कुणी परका नव्हता. प्रमोदिनी, सूर्यकांतची बायको, सहा वर्षांपूर्वी दोन महिने दवाखान्यात होती. तेव्हाही मंडळीने भरपूर प्रार्थना केली. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागायची. कुमुदिनीताई एकदा येऊन बाहेरच्या बाहेर पेढ्यांचा डबा देऊन गेल्या, आजाऱ्याला पेढे. येत होता तो एकटा जयदीप. मानेसरच्या सुट्या भागांच्या कारखान्यात रात्रपाळी करून कंपनीच्या बसने, मग मेट्रोने, अंगात तेच निळं जॅकेट, तो सकाळी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलेला असायचा. त्याची आणि सूर्यकांतची ओळख एवढीच, की दोघं नगरच्या एकाच बोर्डिंगात शिकलेले, तेही दहा-बारा वर्षांच्या अंतराने. तो फारसं बोलायचा नाही. पाण्याची बाटली भरून आणायचा, रिपोर्टच्या रांगेत उभा राहायचा, सूर्यकांतला 'दादा, तुम्ही तासभर पाठ टेका, मी आहे' म्हणायचा. एकदा प्रमोदिनीने त्याला प्रार्थना करायला सांगितलं तर तो लाल झाला, डोळे मिटून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला आणि शेवटी 'आमेन' म्हणाला. प्रमोदिनी नंतर हसून म्हणाली होती, "किती छान केली त्याने. मधे काही बोललाच नाही." तोच जयदीप यंदा श्रावणात फोनवर म्हणाला, "दादा, मला बोलता येत नाही देवाशी. तुम्ही एकदा येऊन माझ्याजवळ बसून प्रार्थना कराल का?" सूर्यकांत म्हणाला होता, करेन म्हणजे काय, अरे, हा काय प्रश्न झाला?

त्याने जयदीपचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. निळं जॅकेट आलं. बाटली धरलेला हात आला, अंगठ्याचं काळं पडलेलं नख आलं. चेहऱ्याच्या जागी काही येईना. अर्धा पावसाळा आणि अर्धी थंडी तो ज्याचं नाव घेऊन देवाला हाका मारत होता, त्याचं नाक कसं होतं हे त्याला सांगता आलं नसतं. मग मी कुणासाठी मागत होतो? आणि कुणाजवळ? हा दुसरा प्रश्न त्याने पटकन मागे ढकलला, पण तो ऐकू आला होता. प्रमोदिनी गेल्यापासून प्रार्थना करताना समोर कुणी आहे असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. आवाज होता, शब्द होते, बाकांवरची माणसं होती. ती माणसं नसती तर त्याने तोंड उघडलं असतं का?

रात्री जेवायला बसताना इशिताचा फोन आला. ती त्याची मुलगी, बेंगळुरूला असते, दिल्लीत वाढलेली. त्याने तिला सगळं सांगितलं, म्हणजे संत्रं सोडून सगळं.

"ओह नो," ती म्हणाली. "पण बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं ना? मग? यू मेंट वेल."

"सांत्वनाला जायला हवं गं."

"सांत्वन म्हणजे... कन्डोलन्स ना? अच्छा. तर फोन करा ना यार, आजकल सगळे फोनच करतात. थंडीत कुठे जाता एवढ्या लांब? हवेचा एक्यूआय बघितलाय का?" मग ती थांबली. "बाबा, तुम्ही ठीक आहात ना? मी प्रे करते हं तुमच्यासाठी."

"हो, कर," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने समोरच्या ताटासाठी सवयीने डोळे मिटले आणि काही सुचेना. वरणभात निवत गेला. बाहेर कॉलनीच्या रखवालदाराने शेकोटी केली होती, तिच्याभोवती चारपाच ड्रायव्हर उभे राहून कशावर तरी खदखदून हसत होते. त्यांच्यात जाऊन हात शेकावेत असं त्याला फार वाटलं. पण तसं कसं जायचं? या कॉलनीत तो अकरा वर्षं राहत होता आणि खाली जाऊन हात शेकण्याइतकी कुणाशी त्याची ओळख नव्हती.

आठवडाभर असंच चाललं. फायली आल्या, गेल्या. दुपारी तो हिरवळीवर गेला नाही. एका संध्याकाळी कुमुदिनीताईंचा फोन आला. मंडळीने शोकप्रस्ताव करायचं ठरवलं होतं, येत्या रविवारी वाचायचा, आणि तो सूर्यकांतरावांनीच लिहावा असं सगळ्यांचं मत पडलं होतं. "तुमच्यासारखी भाषा कुणाची आहे? आणि एक प्रत फ्रेम करून हेमलताबाईंना देऊ. त्या येतील तेव्हा."

"कुणी जाऊन द्यायची का?"

"जायला काय हो, जायचंच आहे एकदा सगळ्यांनी मिळून. नाताळ होऊ द्या. आता कॅरोल, केक, मुलांचं नाटक, मला तर श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यांना प्रार्थनेचा विषय म्हणून ठेवलंच आहे आपण."

त्याला त्यांचा राग आला, चांगला सणकून आला, आणि पुढच्याच क्षणी तो आपल्याच बोटांतून निसटला. ही बाई निदान त्याच्यासारखं गोड आवाजात तरी म्हणत नव्हती. तो म्हणाला, "कुमुदिनीताई, या रविवारी मी नाही." त्यांनी 'अय्या, मग आजाऱ्यांसाठी कोण?' असं विचारलं. त्याने फोन ठेवला. आपल्याला काय हवंय ते त्या दिवशी त्याच्या ध्यानात स्वच्छ आलं. हेमलतेने एकदा म्हणावं, 'जाऊ द्या दादा, चालायचंच.' एवढंच. जिने फोन केला होता तिने ते म्हटलं तर तो पुन्हा डोळे मिटू शकला असता, पुन्हा बोलू शकला असता. नाही म्हटलं तर त्याच्याकडे उरलं तरी काय होतं? क्वार्टर होतं, ते दोन वर्षांनी निवृत्त झाल्यावर सोडायचं होतं. मुलगी होती फोनमध्ये. तो आवाज गेला तर या शहरात सूर्यकांत शिरसाट नावाच्या माणसाला हाक मारायचं कुणाला कारणच राहिलं नसतं.

रविवारी तो मेट्रोच्या पिवळ्या लाइनने गुरुग्रामला गेला, तिथून खच्चून भरलेल्या शेअर ऑटोत एका कामगाराच्या जवळजवळ मांडीवर बसून मानेसरला. वरातीमागून घोडं, असं त्याचं त्यालाच वाटत होतं. हातात डझनभर केळी. काय न्यायचं हे त्याला सुचलं नव्हतं. माणूस असताना फळं नेतात, गेल्यावर काय नेतात? हायवेवरून आत वळलं की गल्ल्या अरुंद होत जातात, आणि प्रत्येक गच्चीवर वेगवेगळ्या कंपन्यांचे युनिफॉर्म एकाच दोरीवर वाळत असतात. कुणी निळ्या जॅकेटातला दिसला की तो मान वळवून त्याचा चेहरा बघायचा. एवढंसंच होतं अंतर. सकाळी निघून दुपारी चहापर्यंत परत जाता आलं असतं, कोणत्याही शनिवारी. वाटभर तो वाक्यं जुळवत होता, खोडत होता. हेमलतेने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि आधी तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"आज उपासना असते ना?"

"आहे. मी इकडे आलो."

"या ना." तिने खुर्चीवरचे कपडे उचलले. खोली लहान, स्वच्छ, आत आणखी एक खोली, मधे पडदा. ती पाणी आणायला वळली तेव्हा त्याने भिंती पाहिल्या. फोटो नव्हता. चेहरा इथे तरी सापडेल असं त्याला वाटलं होतं. जुळवलेलं सगळं तो विसरून गेला.

"मी यायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. अशा ठिकाणी पुढे एक वाक्य असतं, सगळ्यांना ते पाठ असतं. ते आलं नाही. तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि समोरच्या पलंगावर बसली.

"जयदीप काही म्हणायचा का?"

"म्हणायचे ना. रविवारी दुपारी म्हणायचे, आत्ता दादा माझं नाव घेत असतील. तेवढा वेळ कण्हायचेसुद्धा नाहीत. बरं वाटायचं त्यांना, खोटं कशाला बोलू?" ती आपल्या हातांकडे बघत होती. "मला राग यायचा. मी म्हणायची, नाव घेतात, बस का नाही घेत? तर म्हणायचे, अगं, दादांना वहिनींच्या वेळचं आठवत असेल. आजारी माणसाचा वास सहन होत नसेल त्यांना. तू त्यांना काही बोलायचं नाहीस."

हेच कारण सूर्यकांतने शेवटचं म्हणून राखून ठेवलं होतं. मेट्रोत सगळ्यात सुबक वाक्य त्याचंच झालं होतं. ते जयदीपने आधीच, अंथरुणात पडून, त्याच्या वतीने देऊन टाकलं होतं. नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. ही बाई कदाचित म्हणालीही असती, जाऊ द्या दादा. त्याला ते इतकं जवळ आलेलं दिसलं की त्याचे डोळे भरून आले.

"ते खरं नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता, फाटका होता. "थोडंसं खरं असेल. पण तेवढ्यासाठी नाही. मी आळस केला. प्रार्थना केली की मला इथे येऊन गेल्यासारखं वाटायचं. आणि त्या मंगळवारी मीटिंग नव्हती हेमलता. मी उन्हात बसलो होतो. तुझं नाव बघून मी फोन उचलला नाही."

हेमलता त्याच्याकडे बघत राहिली. चर्चमध्ये पाहिलं होतं तसंच, उघड्या डोळ्यांनी. ती रडेल असं त्याला वाटलं, ओरडेल असं वाटलं, बाहेर व्हा म्हणेल असंही वाटलं. यातलं काहीच झालं नाही. खालून कुणाचा तरी रेडिओ ऐकू येत होता. त्याने पेला उचलला, पाणी प्यायलं, रिकामा पेला हातात धरून बसला. त्याला कळलं की ते वाक्य आता येणार नाही, आज नाही आणि कधीच नाही, आणि दवाखान्यातल्या दिवसांसारखं आपण पुन्हा जयदीपकडूनच काही घ्यायला बसलो आहोत. फक्त या वेळी त्याच्या मागे राहिलेल्यांकडून.

"हेमे," पडद्याआडून म्हातारा, खरखरीत आवाज आला. "ए हेमे, आगं पाठ जळायली माझी."

"आले हो." ती उठली. "सासूबाई. कंबर मोडलीय, दोन वर्षं झाली. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते. हे होते तेव्हा दोघं मिळून करायचो. शेवटी यांच्यात जीव नव्हता, तरी भिंतीला टेकून एका हाताने धरायचे." पडद्यापाशी जाऊन ती वळली. "शेजारीण आज गावी गेलीय. आलाच आहात तर जरा धरा."

आत वास होता. तोच, औषधाचा, ओल्या चादरीचा आणि फार दिवस पडून राहिलेल्या अंगाचा. सूर्यकांत उंबऱ्यावर थबकला. प्रमोदिनीचे शेवटचे दिवस त्या वासाबरोबर परत आले आणि वाटलं, इथूनच मागे फिरावं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरायला लागला. आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची वेळ झाली होती. कुमुदिनीताईंना माणूस मिळाला नसणार. तो पलंगाजवळ गेला. हेमलतेने सांगितलं तसा एक हात म्हातारीच्या मानेखाली आणि एक पाठीखाली घातला आणि तिला उचललं. ती सुकलेली होती तरी जड लागली. हाडं त्याच्या तळहातांना टोचत होती. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला. त्याचे दोन्ही हात अडकलेले होते.

"कोन हाय गं?" म्हातारीने विचारलं. तिला नीट दिसत नसावं.

"दिल्लीचे दादा आलेत. सूर्यकांतदादा."

"कोन, त्यो परार्थनावाला?"

"हो," सूर्यकांत म्हणाला, आणि त्याच्या नकळत तो आवाज आला, भरदार, ओला, रविवारचा. "मावशी, प्रभू तुम्हाला या दुःखात..."

"माझं लेकरू गेलं तुझी परार्थना ऐकत ऐकत," म्हातारी म्हणाली. ती चिडली नव्हती. तिने सुरकुतलेल्या बोटांनी चाचपून त्याचा दंड धरला आणि आपलं सगळं ओझं त्याच्यावर टाकलं. "आता गप ऱ्हा जरा. पाठ धर. तिथं न्हाई, खाली. हां. सोडू नको, हेमी चादर काढूस्तोवर घट धर."

सूर्यकांत गप्प राहिला आणि त्याने तिला घट्ट धरलं.